अंगठा कुणाच्या यंत्रावर?

शरीराच्या एखाद्या मोजता येणाऱ्या खुणेवरून माणसाची ओळख पटवण्याच्या पद्धतीला बायोमेट्रिक म्हणतात. बोटाचा ठसा, बुबुळ, चेहरा आणि आवाज या त्यातल्या नेहमीच्या खुणा. नांदेड-लातूर भागात ही ओळख दोन ठिकाणी द्यावी लागते. स्वतःच्या मोबाइलचा पडदा उघडताना, आणि बँक मित्र, रेशन दुकानदार किंवा महा ई-सेवा केंद्रवाला यांच्या यंत्रावर अंगठा ठेवताना. बोट एकच असले तरी पुढे जे घडते ते दोन्हीकडे वेगळे असते. पहिल्या ठिकाणी ठसा फोनच्या बाहेर जात नाही. दुसऱ्या ठिकाणी तो आधारच्या मध्यवर्ती नोंदीशी ताडून पाहिला जातो आणि क्षणभरात खात्यातले पैसे हलतात. सायबर सुरक्षेची पत्रके पासवर्ड आणि ओटीपीबद्दल भरभरून सांगतात, पण हा फरक सहसा सांगत नाहीत. या भागात मात्र मोबाइलची सुरक्षा नेमकी याच फरकावर अवलंबून आहे.

कारभारात ठशाचा वापर जुना आहे. १८५८ मध्ये बंगालात विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या करारावर सहीसोबत त्याच्या हाताचा पंजा उमटवून घेतला. पुढे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांच्या कामातून ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत तयार झाली. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचे स्वतंत्र कार्यालय निघाले. खेड्यापाड्यातल्या खरेदीखतांवर ‘निशाणी डावा अंगठा’ हे शब्द आणि शेजारी निळ्या शाईचा डाग याच परंपरेतला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले आणि दहा बोटे व दोन्ही बुबुळे संगणकात गेली. कागदावरचा अंगठा आणि संगणकातला अंगठा यांचा एकमेकांशी संबंध येईल, असे तेव्हा फारसे कोणाच्या मनात आले नसावे. तो कसा आला, हे पुढे दिसेल.

आधी फोन. फोनचा सेन्सर बोटाचा फोटो काढून गॅलरीसारखा साठवून ठेवत नाही. ठशातील रेषा कुठे संपतात, कुठे फुटतात आणि कुठे वळतात यांवरून तो एक गणिती नमुना तयार करतो. हा नमुना प्रोसेसरच्या एका बंदिस्त भागात राहतो. ॲपल त्याला ‘सिक्युअर एन्क्लेव्ह’ म्हणते, अँड्रॉइड फोनांतही तशीच वेगळी जागा असते. बोट पुन्हा टेकवले की ताडणी त्या जागेतच होते. जुळले तर तिथली गुप्त किल्ली खुली होते आणि बँकेच्या ॲपला फक्त ‘जुळले’ एवढाच निरोप मिळतो. बँकेकडे, फोन बनवणाऱ्या कंपनीकडे किंवा ॲपवाल्याकडे ठसा पोचत नाही. म्हणून फोनवर बोट लावायला घाबरणाऱ्यांची भीती बहुतांशी चुकीच्या जागी आहे. चार आकडी पिन बाजारात, एसटीत किंवा दुकानाच्या काउंटरवर शेजारचा सहज पाहू शकतो. टेकवलेले बोट पाहून त्याच्या हाती काही लागत नाही.

ही पद्धत अचूक असली तरी परिपूर्ण नाही. दुसऱ्या कोणाचे बोट चुकून जुळण्याची शक्यता ॲपलने पन्नास हजारांत एक सांगितली आहे, तर चेहऱ्याच्या बाबतीत दहा लाखांत एक. जुळ्या भावंडांना मात्र हा दुसरा आकडा लागू पडत नाही. स्वस्त अँड्रॉइड फोनांतले चेहरा ओळखणे साध्या सेल्फी कॅमेऱ्यावर चालते. त्याला खोली मोजता येत नाही, आणि काही फोन तर नुसत्या फोटोनेही उघडले आहेत. अँड्रॉइडने बायोमेट्रिकचे तीन वर्ग केले आहेत. सर्वांत कडक वर्गात बसायचे तर बनावट खुणेला फसण्याचे प्रमाण सात टक्क्यांच्या आत असावे लागते. आठ-दहा हजारांच्या फोनमध्ये बँकेचे ॲप चेहरा नाकारते आणि बोट स्वीकारते, त्याचे कारण हे आहे. अशा फोनवर चेहऱ्याचे कुलूप ठेवणे ही सोय आहे, तिला सुरक्षा म्हणता येत नाही.

सेन्सर फसवल्याची उदाहरणे जगभर गाजली. आयफोन ५एस सप्टेंबर २०१३ मध्ये बाजारात आला आणि काही दिवसांतच जर्मनीतील ‘केऑस कॉम्प्युटर क्लब’ने काचेवरच्या ठशावरून बनावट बोट करून तो उघडून दाखवला. पुढच्या वर्षी त्याच गटातल्या एका संशोधकाने जर्मनीच्या संरक्षणमंत्र्यांच्या हाताच्या छायाचित्रांवरून त्यांचा ठसा उभा केला. २०१९ मध्ये सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस१० वर विशिष्ट सिलिकॉनचे कव्हर चढवले की कोणाच्याही बोटाने फोन उघडतो, असे आढळले आणि कंपनीला सुधारणा पाठवावी लागली. २०२३ मध्ये चिनी संशोधकांनी ‘ब्रूटप्रिंट’ नावाचा हल्ला मांडला. प्रयत्नांची मर्यादा चुकवून काही अँड्रॉइड फोनांवर ठशांचा मारा करत राहायचे, अशी ती युक्ती. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. फोन हल्लेखोराच्या हाती हवा, आणि त्याच्याकडे कौशल्य, साहित्य व फुरसत हवी. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत गर्दीत फोन मारणारा चोर या वाटेला जात नाही. तो फोन विकतो, नाहीतर मालकाने पिन टाकताना तो आधीच पाहून ठेवतो.

प्रत्येक बायोमेट्रिक कुलपामागे पिन किंवा पॅटर्न असतोच. फोन बंद करून चालू केला, बोट पाच वेळा चुकले किंवा बरेच तास पिन टाकला नाही, तर फोन बोट बाजूला ठेवून पिन मागतो. म्हणून बोटाचे कुलूप त्यामागच्या पिनपेक्षा मजबूत कधीच नसते. पिन १२३४ किंवा जन्मसाल असेल तर महागड्या सेन्सरचा उपयोग उरत नाही. हॅकरांनी हे वेळीच ओळखले. डिसेंबर २०२३ मध्ये ‘कॅमेलिऑन’ या अँड्रॉइडवरच्या बँकिंग व्हायरसचे नवे रूप उघड झाले. ते ठशाची पद्धत फोडण्याच्या भानगडीत पडत नाही. ते बायोमेट्रिक बाजूला सारते, वापरणाऱ्याला पिन टाकायला लावते आणि तो टिपून घेते. ठसा चोरणे अवघड म्हणून ठशाच्या मागचे दार उघडायचे, हा गेल्या काही वर्षांतला सर्वांत लक्ष देण्याजोगा बदल आहे.

असे व्हायरस फोनमध्ये येतात कसे? बहुतेक वेळा मालक स्वतः ते बसवतो. व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल येते. तिचे नाव हंगामाप्रमाणे बदलते. कधी पीएम किसानचा हप्ता, कधी आरटीओचे चलान, कधी लग्नपत्रिका, कधी आज रात्री वीज तोडणार असल्याची सूचना. मराठवाड्यात तर शासकीय योजना आणि ई-केवायसी यांचा संबंध इतका रोजचा झाला आहे की असा संदेश खरा वाटायला वेळ लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात पुराने गावे वेढली आणि सप्टेंबरात नांदेड, लातूर, धाराशिव, बीड या जिल्ह्यांतली उभी पिके पाण्यात गेली. त्यानंतर मदत थेट खात्यात येणार होती आणि त्यासाठी फार्मर आयडी, आधार जोडणी, केवायसी हे सगळे हवे होते. त्याच सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. तेव्हा खऱ्या संकेतस्थळाशी मिळतीजुळती बनावट संकेतस्थळे निघाली आणि महिलांनी अधिकृत संकेतस्थळावरच माहिती भरावी, असे आवाहन शासनाला करावे लागले. ज्याला पैसे येण्याची वाट पाहायची आहे त्याला फसवणे सोपे जाते, आणि या भागात वर्षाचे बारा महिने कोणी ना कोणी कसली तरी वाट पाहत असतो.

एपीके बसली की ती परवानग्या मागते. एसएमएस वाचण्याची परवानगी मिळाली की ओटीपी परस्पर चोराकडे जातो. त्याहून घातक ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी. दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवता यावा आणि बटणे दाबता यावीत म्हणून केलेली ही सोय आहे. ती व्हायरसच्या हाती गेली की तोही पडदा वाचतो आणि बटणे दाबतो. अशा वेळी बायोमेट्रिक कुलूप जागचे हलत नाही, कारण फोन मालकानेच उघडलेला असतो. अँड्रॉइड १३ पासून प्ले स्टोअरबाहेरून आणलेल्या ॲपला ही परवानगी देताना अडथळा येतो. पण फोनवर बोलणारा ‘साहेब’ तो अडथळा एकेक पायरी सांगत ओलांडून घेतो. दुसरी युक्ती कॉल वळवण्याची. ‘स्टार चारशे एक स्टार’ने सुरू होणारा आकडा डायल करायला लावायचा, की त्यानंतर येणारे कॉल चोराच्या नंबरवर जातात. ही सोय इतकी वापरली गेली की दूरसंचार विभागाने एप्रिल २०२४ पासून असे कोड टाकून होणारे कॉल फॉरवर्डिंग थांबवायला लावले.

सिमकार्ड हा या साखळीतला जुना, दुर्लक्षित दुवा. लातूर जिल्ह्याला त्याचा अनुभव २०१७ च्या जूनमध्ये आला. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने तिथे बेकायदा आंतरराष्ट्रीय टेलिफोन एक्स्चेंज उघडकीस आणले. परदेशातून इंटरनेटवर आलेले कॉल स्थानिक सिममधून वळवले की समोरच्याच्या पडद्यावर साधा देशी नंबर दिसतो. कारवाईत ९६ सिमकार्डे मिळाली. एवढी सिमे चालू होतात ती कोणाच्या तरी कागदपत्रांवरच. ओळखपत्राची एक झेरॉक्स किंवा दुकानदाराच्या यंत्रावर ‘पुन्हा एकदा’ ठेवलेला अंगठा पुरतो. आपल्या नावावर किती सिमे चालू आहेत, हे केंद्राच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर पाहता येते आणि अनोळखी नंबर तिथेच बंद करायला सांगता येतो. हरवलेल्या फोनचा आयएमईआय क्रमांक त्याच पोर्टलवरून देशभर बंद करता येतो. पोलीस ठाण्यांत अधूनमधून होणारे फोन परत देण्याचे कार्यक्रम याच नोंदींवर उभे असतात. त्यासाठी आयएमईआय आधीच कुठे तरी लिहून ठेवलेला हवा. बिलावर किंवा खोक्यावर तो छापलेला असतो.

लातूरचा आणखी एक खास धोका शिकवणीच्या गल्ल्यांतला. वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी बाहेरगावाहून आलेली हजारो मुले इथे भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि त्यांचा अभ्यास, निकाल, घरचे पैसे, सारे फोनवरच असते. २०२४ च्या नीट परीक्षेतील गैरव्यवहाराच्या तपासात नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाने लातुरात शिक्षकांची चौकशी केली आणि गुन्हा नोंदला गेला. तपासात त्यांच्या मोबाइलमधली प्रवेशपत्रे आणि संदेश महत्त्वाचे ठरले. पुढच्या वर्षी परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय चाचणी संस्थेने प्रश्नपत्रिका मिळवून देण्याचा दावा करणारे १०६ टेलिग्राम आणि १६ इन्स्टाग्राम चॅनेल शोधून काढले. अशा चॅनेलवर विकली जाते ती बहुतेक वेळा नुसती आशा. सोबत विद्यार्थ्याचे ओळखपत्र आणि पालकाचा नंबरही जातो, आणि तक्रार करायची तर आपण पेपर विकत घ्यायला निघालो होतो हे कबूल करावे लागते.

आता दुसऱ्याच्या यंत्रावरचा अंगठा. आधारवर आधारित पेमेंट पद्धतीत, म्हणजे एईपीएसमध्ये, खातेदार बँकेचे नाव आणि आधार क्रमांक सांगतो आणि यंत्रावर बोट ठेवतो. कार्ड नाही, पिन नाही, ओटीपी नाही. एका व्यवहारात दहा हजारांपर्यंत रक्कम निघते. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला तालुक्याच्या शाखेत दिवस घालवण्यापेक्षा गावातच पैसे मिळतात, ही सोय खरीच मोठी आहे. वाडी-तांड्यावरच्या निराधार बाईला जवळपासचे एटीएम सापडत नाही, बँक मित्र सापडतो. या पद्धतीला नावे ठेवताना हे विसरून चालणार नाही.

पण पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. आणि अंगठा गुप्तही नसतो. खरेदीखतावर, गहाणखतावर, बक्षीसपत्रावर तो शाईने उमटलेला असतो आणि जवळच आधार क्रमांक लिहिलेला असतो. दस्त संगणकावर आले आणि कोणालाही पाहता येऊ लागले तेव्हा हा कागदी ठसा चोरांच्या उपयोगाचा झाला. तेलंगणात २०१८ मध्ये एका सिम-विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील दस्तांतून ठसे घेऊन, त्यांच्या रबरी प्रती करून हजारो सिमे चालू केल्याचे उघड झाले. विक्रीचे लक्ष्य पूर्ण करायचे, एवढाच त्याचा हेतू होता. पुढे हरियाणात जमिनीच्या नोंदींमधून आणि बंगळुरूत २०२३ मध्ये कर्नाटकच्या नोंदणी पोर्टलवरून ठसे उचलून लोकांच्या खात्यांतून एईपीएसने पैसे काढल्याचे गुन्हे समोर आले. ज्यांचे पैसे गेले त्यांनी कोणाला ओटीपी सांगितला नव्हता, कोणती लिंक उघडली नव्हती. ‘सावध राहा’ हा सल्ला इथे कुचकामी ठरतो. चूक त्यांची नव्हतीच.

आधार प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ पासून ठशाच्या ताडणीत दुहेरी पद्धत आणली. रेषांचा नमुना आणि ठशाची प्रतिमा ही दोन्ही तपासून बोट जिवंत आहे की साचा, हे संगणक ठरवतो. नव्या ‘एल-वन’ यंत्रांत ठसा यंत्राच्या आतच कुलूपबंद होऊन बाहेर पडतो, त्यामुळे जोडलेल्या संगणकात तो मधेच पकडता येत नाही. राज्यांनी सार्वजनिक दस्तांवरील ठसे झाकावेत, अशा सूचना केंद्राकडून गेल्या. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये एईपीएस केंद्रचालकांच्या तपासणीचे नियम काढले आणि ते १ जानेवारी २०२६ पासून लागू ठरवले. कोणाला यंत्र द्यायचे, किती दिवस व्यवहार बंद असलेल्या चालकाची पुन्हा पडताळणी करायची, त्याच्या व्यवहारांवर नजर कशी ठेवायची, हे त्यात आहे.

यंत्रे सुधारली तरी सर्वांत साधी फसवणूक काउंटरवरच घडते. ‘ठसा घेतला नाही, पुन्हा ठेवा’ असे म्हणून दुसऱ्यांदा पैसे काढायचे, किंवा शिल्लक तपासतो म्हणत रक्कम काढायची. ऊसतोड, वीटभट्टी, बांधकाम आणि शेतीच्या कामाने बोटांच्या रेषा खरोखरच झिजतात. त्यामुळे पुन्हा बोट मागितले तरी संशय येत नाही. ज्याचे हात सर्वांत जास्त राबतात त्याचाच ठसा सर्वांत जास्त वेळा मागितला जातो. पावती मागणे आणि मोबाइलवर आलेला संदेश तिथेच कोणाकडून तरी वाचून घेणे, एवढाच उपाय काउंटरवर हाती असतो. व्यवहार खरोखर फसला असेल तर तसा संदेश येतो. तो आल्याशिवाय दुसऱ्यांदा बोट ठेवू नये.

यावर पक्का उपाय आधारचे बायोमेट्रिक लॉक करणे हा आहे. आधारच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर ते विनामूल्य होते. एकदा लॉक केले की कोणाकडे हुबेहूब रबरी अंगठा असला तरी व्यवहार होत नाही. गरज पडेल तेव्हा थोड्या वेळासाठी ते उघडता येते. अडचण अशी की उघडण्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी यावा लागतो. ज्या म्हाताऱ्या माणसांना या कुलपाची सर्वांत जास्त गरज, त्यांचा नंबर जोडलेला नसतो, किंवा जोडलेला असतो तो पुण्याला कामाला गेलेल्या मुलाचा. शिवाय लॉक असताना रेशन दुकानातले ई-पॉस यंत्रही बोट नाकारते. महिन्याच्या रेशनसाठी कुलूप उघडायचे आणि पुन्हा लावायचे, हे शहरी खातेदाराला दोन मिनिटांचे काम आहे, तांड्यावरच्या आजीला नाही. एईपीएसने कधीच पैसे न काढणाऱ्या नोकरदार, दुकानदार, पेन्शनर यांनी मात्र ते आजच लॉक करावे. काही बँका अर्ज दिल्यावर खात्यावरची एईपीएसची सोयही बंद करून देतात.

ठशाच्या मर्यादा दिसल्यावर कारभार चेहऱ्याकडे वळला. पेन्शनरांचा हयातीचा दाखला नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा दाखवून देता येतो, पीएम किसानची केवायसीही २०२३ पासून तशीच होते. झिजलेल्या बोटांच्या माणसांना याचा मोठा दिलासा आहे. पण चेहरा ठशापेक्षाही उघडा असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘गोल्डपिकॅक्स’ हा व्हायरस उजेडात आला. तो थायलंडमध्ये सरकारी सेवांच्या नावाने फोनमध्ये शिरत होता आणि लोकांकडून मान वळवत, डोळे मिचकावत केलेला चेहऱ्याचा व्हिडिओ घेत होता. त्यावरून बनावट चेहरा तयार करून बँकेची तपासणी ओलांडता येते. त्याच सुमारास हाँगकाँगमध्ये अरूप या अभियांत्रिकी कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत वरिष्ठांचे बनावट चेहरे पाहून सुमारे अडीच कोटी डॉलर पाठवून दिले. म्हणून चेहऱ्याची केवायसी करताना ॲप कोणाचे आहे, हा प्रश्न चेहरा जुळतो का यापेक्षा महत्त्वाचा आहे. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर चेहऱ्याचा व्हिडिओ द्यावा लागेल अशी एकही शासकीय योजना नाही.

काही चोऱ्यांत खातेदाराच्या फोनचा संबंधच येत नाही. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ते १३ ऑगस्ट २०१८ या दिवसांत हल्ला झाला. बँकेच्या एटीएम व्यवस्थेतच शिरकाव करून २८ देशांतून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले, काही रक्कम हाँगकाँगच्या खात्यात वळवली गेली आणि एकूण ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा ठोठावली. त्यात प्रामुख्याने पैसे काढणारे हात सापडले, डोकी बाहेरच राहिली. नांदेडला तसाच धक्का जानेवारी २०२१ मध्ये बसला. शंकर नागरी सहकारी बँकेचे आयडीबीआय बँकेत असलेले खाते वापरून सुमारे साडेचौदा कोटी रुपये आरटीजीएस-एनईएफटीने देशभरच्या खात्यांत वळवले गेले आणि वजिराबाद पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. छोट्या सहकारी बँका मोठ्या बँकेच्या खांद्यावरून पैसे पाठवतात. हा सांधा हल्लेखोरांनी बरोबर हेरला. वळवलेला पैसा लगेच काढून घेण्यासाठी लागतात भाड्याची खाती. दोन-पाच हजारांसाठी आपले पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हाती देणारा तरुण या साखळीचा भाग होतो, आणि पोलीस सर्वांत आधी त्याच्याच दारात येतात.

या धंद्याची व्याप्ती सरकारी आकड्यांत दिसते. लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार २०२३ मध्ये सायबर फसवणुकीत देशाचे ७,४६५ कोटी रुपये गेले आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट.

अशा वेळी पेमेंटच्या नियमांत बायोमेट्रिकला जास्त जागा मिळते आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआयचा पिन न टाकता फोनवरच्या ठशाने किंवा चेहऱ्याने पैसे पाठवण्याची सोय जाहीर झाली. सुरुवातीची मर्यादा पाच हजार रुपये. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनी, जे १ एप्रिल २०२६ पासून लागू ठरवले, फक्त एसएमएसच्या ओटीपीवर विसंबण्याची गरज संपवली आणि बायोमेट्रिकसह इतर पर्यायांना वाट दिली. ओटीपी वाचणाऱ्या व्हायरसांचा विचार करता हा बदल योग्य दिशेचा आहे.

मात्र त्याने एका घरगुती सवयीचा प्रश्न पुढे येतो. या भागात अनेक घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि त्यात सगळ्यांची बोटे नोंदवलेली असतात. नवऱ्याचे, बायकोचे, गेम खेळणाऱ्या मुलाचे, कधी हंगामापुरत्या आलेल्या पाहुण्याचेही. पेमेंट करताना ठसा कोणाचा, हे फोन बँकेला सांगत नाही. नोंदवलेले कोणतेही बोट त्याला सारखेच. नवे बोट नोंदवले की बरीच बँक-ॲप पुन्हा पिन मागतात, पण आधीच नोंदवलेल्यांना ते अडवत नाहीत. ज्याच्या नावाचे खाते, त्याचेच बोट नोंदवलेले असावे आणि मुलांसाठी फोनमध्ये वेगळा वापरकर्ता किंवा अतिथी प्रोफाइल ठेवावे. त्यासोबत सहा आकडी पिन असावा आणि फोनचा पिन व यूपीआयचा पिन वेगवेगळे असावेत. पिन चोरल्यावरही चोराला सेटिंग बदलता येऊ नये म्हणून ॲपलने जानेवारी २०२४ मध्ये चोरी-संरक्षण आणले. त्यात ओळखीच्या ठिकाणाबाहेर महत्त्वाचे बदल करताना चेहरा किंवा बोट लागतेच, पिन चालत नाही. नव्या अँड्रॉइड फोनांतही आता अशी सोय आली आहे, पण ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते.

कायद्याने ठशाला संरक्षण दिले आहे, तशी त्याची मर्यादाही सांगितली आहे. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळखीची कोणतीही खास खूण फसवणुकीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. आधार कायद्याचे कलम २९ मूळ बायोमेट्रिक माहिती कोणत्याही कारणाने कोणालाही देण्यास मनाई करते. दुसरीकडे, ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या १९६१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की आरोपीचा ठसा घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे नव्हे. मनातला पिन सांगायला लावणे आणि बोट टेकवायला लावणे यांतला भेद फोनच्या संदर्भात न्यायालयांपुढे आजही येतो, तो या निकालाच्या आधारेच. बोटाचे कुलूप तात्पुरते बंद करून फक्त पिन ठेवण्याची सोय दोन्ही प्रकारच्या फोनांत आहे.

पैसे गेल्यावर वेळ सर्वांत महत्त्वाचा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला की रक्कम ज्या खात्यात पोचली ते गोठवण्याचा प्रयत्न होतो. पहिल्या तासाभरात हे झाले तर पैसे अडकण्याची शक्यता जास्त. त्याच दिवशी बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. एईपीएसच्या व्यवहाराला संदर्भ क्रमांक असतो आणि त्यावरून कोणत्या केंद्राच्या कोणत्या यंत्रावर बोट लागले, हे बँकेला काढता येते. तक्रारीत तो क्रमांक लिहून तपशील मागावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काढलेल्या तशाच परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली. दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही, अशा व्यवहाराची माहिती तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकाला भुर्दंड नाही. चार ते सात दिवसांत दिली तर मर्यादित. पिन किंवा ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. ग्राहक दोषी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे, हे शाखेत सहसा कोणी आपण होऊन सांगत नाही.

बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका बराच काळ या योजनेच्या बाहेर होत्या. नांदेड आणि लातूरमध्ये पीककर्जापासून पीकविम्यापर्यंत असंख्य शेतकऱ्यांची खाती त्याच बँकांत आहेत. १ नोव्हेंबर २०२५ पासून या बँकांचाही योजनेत समावेश झाला.